बोहनीआधीची गणितं

मी रोज सकाळी एका भल्या माणसाशी खोटं बोलत होतो.

बाबा आजारी पडले, तेव्हा राजापेठेतला आमचा फुलांचा गाडा मी शाळेआधी लावायचो. पहिलं गिऱ्हाईक बहुधा ते काकाच असत. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातली रात्रपाळी संपवून ते येत आणि घरच्या बुद्धमूर्तीसाठी पांढरी शेवंती मागत. बाबांनी त्यांची जात पाहून बजावलं होतं, यांच्या हातची बोहनी घ्यायची नाही. म्हणून मी म्हणायचो, "थांबा काका, फुलं भिजवून राहिलो."

ते सायकल उभी करत, बाहीवरचा कापूस झटकत आणि माझं दहावीचं पुस्तक उचलत.

"तुयी फुलं भिजेपर्यंत एक गणित होते. काढ पेन."

दुसरं गिऱ्हाईक येईपर्यंत ते शिकवत. त्यांचं नावही मी कधी विचारलं नाही. शिकवणी लावायची आमची ऐपत नव्हती; माझं सगळं गणित त्यांच्या त्या ताटकळण्यात झालं. आज मी अकोल्यात गणितच शिकवतो.

परवा सुटीत गाड्यावर गेलो. गाडा आता धाकटा भाऊ लावतो. समोर तेच उभे होते, केस पिकलेले, आणि भाऊ म्हणत होता, "थांबा जरा काका."

मी पुढे होऊन शेवंती बांधली. त्यांच्या हातची नोट घेतली आणि बोहनीची म्हणून कपाळाला लावली.

त्यांनी मला निरखून पाहिलं. मग हसले. "भिजली काय रे फुलं?"

"तवाई भिजलेलीच राहत होती, काका. मी खोटं बोलत होतो. मले माफ करा."