चतुराबाईनं विमानात सोडलेल्या गाठी

आमच्या अन् चतुराबाईच्या घरामधी तुराट्यांचा एकच कूड होता. शेणानं लिंपलेला, पण बोललेलं सगळं आरपार ऐकू यायचं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. एका सकाळी पलीकडं मायलेकीचं जुंपलं.

"लोकाच्या लेकी सोडवाया हैद्राबादला चाललीस. पहिल्या बारीला मी अडले, तवा कुठं व्हतीस?" ही साळूबाई, तिची लेक. पोटुशी म्हणून माहेरी आलेली.

"धावड्याला व्हते. तिथली बाईबी मरून राह्यली व्हती."

"ती जगली. माझं लेकरू गेलं."

मी कुडाला कान लावला, तर कानाला ओलं शेण लागलं. मग चतुराबाई म्हणाली, "तुला अजून दीड महिना हाय. ह्या बारीला मी असंन. तुझ्या उशालाच असंन."

"बघू," साळूबाई म्हणाली.

चतुराबाई आमच्या टेंभुर्णीची सुईण. आम्ही सगळी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडलो, म्हणून ती कुणालाबी रागवायची. तेव्हा निजामाचं राज्य होतं, अन् जाफराबादच्या कचेरीत गयासोद्दीन नावाचे साहेब होते. त्यांच्या बायकोची, कमरुन्निसाची, दोन बाळंतपणं हिनंच केली. पुढं साहेबांची बदली हैद्राबादला झाली अन् तिसऱ्या वेळेला कमरुन्निसा हट्टाला पेटली, की चतुराबाईच पाहिजे. तिकडं दवाखाने काय कमी होते? पण बाईला एका हाताची सवय झाली की झाली. साहेबांचा माणूस आला अन् हिला रेल्वेनं घेऊन गेला.

कमरुन्निसाला मुलगा झाला. चतुराबाई तिकडं तिला शेक-शेगडी करीत होती, अन् इकडं साळूबाईच्या कळा महिनाभर आधीच सुरू झाल्या. दिवस सरला तरी सुटका होईना. माझे वडील जालन्याला गेले अन् तिथून तार केली.

तार वाचून साहेब म्हणाले, "अम्मा, रेलसे जाओगे तो देर हो जाएगी." दुपारी औरंगाबादला सरकारी कामाचं विमान निघणार होतं. साहेबांनी शब्द टाकला अन् हिला त्यात बसवलं. नऊवारी, हातात गाठोडं, अनवाणी पाय. पुढचं तिनंच मला सांगितलं, माझ्या डोक्याला तेल घालताना. दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई.

पौषाचा महिना, पण अर्ध्या वाटेत आभाळ काळं झालं. दुपार असून खिडकीतून काही दिसेना. मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर कुणी मुठीनं खडे मारावेत तशा. विमान खाली जायचं, पुन्हा वर यायचं. औरंगाबाद खाली आलं होतं म्हणे, पण उतरता येईना, म्हणून ते तिथंच घिरट्या घालू लागलं.

"मला तवा मरणाचं भ्याव न्हाई वाटलं," ती म्हणायची. "पोटावरचा पट्टा दिसला अन् भ्याव वाटलं."

आमच्याकडं बाई अडली की घरातली एकूण एक गाठ सोडतात. कुलपं काढतात, पेट्यांची झाकणं उघडी टाकतात, बायका आपल्या वेण्या मोकळ्या सोडतात. बांधलेलं काही ठेवलं की पोटातलं बांधलेलं राहतं. अन् तिची लेक तिकडं अडलेली, आणि ही इथं पट्ट्यात बांधलेली.

तिनं पट्टा सोडला. अंबाडा सोडला. गाठोडं सोडलं, तशी त्यातली लसणाची चटणी सगळ्यांच्या पायात सांडली.

विमानातला माणूस ओरडला, "अम्मा, पट्टा बांधो!"

"बांधू कशी बाबा? माझी लेक अडून पडली ना तिकडं." मग शेजारच्या टाय घातलेल्या साहेबाला म्हणाली, "तुमीबी सोडा की गळ्यातलं. तुमाला काय जड हाय?"

साहेब पांढराफटक पडला होता. त्यानं मुकाट्यानं टाय सोडला, वर बुटाच्या नाड्याही सोडल्या.

तेवढ्यात गारांचा आवाज एकदम थांबला. यंत्राची घरघरही ऐकू येईना, असं ती सांगायची. अन् तिचे दोन्ही तळहात ऊन झाले, ओले झाले. बाळाचं डोकं हातात येतं तेव्हा होतात तसे. तिनं हात पाहिले, तर कोरडे. लगेच विमान खाली आदळल्यासारखं झालं, ही वर उडाली अन् कपाळ फुटलं.

त्याच दुपारी आमच्याकडंही आभाळ भरलं होतं. माझी माय झुंबरबाई साळूबाईपाशी होती, अन् मला दार उघडं धरून उंबऱ्यावर बसवलं होतं. गारा पडायच्या थांबल्या. माझ्या अंगाला ओलं लुगडं घासून जावं तसं काहीतरी गार लागलं. अंगणातलं कुत्रं उठून बाजूला सरकलं. वाटेवर कुणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी याच्याहून जास्त काही पाहिलं न्हाई.

आतून साळूबाई म्हणाली, "झुंबरकाकू, मायच्या कपाळातून रक्त येऊन राह्यलं. हळद लावा तिला."

मायला वाटलं, कळांनी बरळते. थोड्या वेळात पोरगा झाला, रडला.

चतुराबाई दुसऱ्या दिवशी उजाडताना पोचली. विमान शेवटी औरंगाबादला उतरलं, तिथून जालन्यापर्यंत मोटार, पुढं चिखलातून बैलगाडी. कपाळावर फडकं बांधलेलं, त्यातून डाग आलेला. मायनं तो डाग पाहिला अन् चुलीपाशी जाऊन बसली.

"चुकले गं साळू," चतुराबाई दारातच म्हणाली. "ह्या बारीलाबी न्हाई पोचले."

"उगं बस," साळूबाई म्हणाली. "काल दुपारपासून रातभर उशाशी बसून व्हतीस अन् मंग कुठं गेल्तीस तोंड काळं करून? धर ह्याला."

चतुराबाईनं लेकीकडं पाहिलं, मग नातवाला घेतलं. पुन्हा त्या दोघींचं भांडण कुडातून कधी ऐकलं न्हाई. मी ऐकायला बसायचे, तरीही.

पुढच्या उन्हाळ्यात चतुराबाईला ताप भरला होता. गावातल्याच अकबरबीच्या सुनेचे दिवस भरले अन् बोलावणं आलं. साळूबाई नको म्हणाली, तरी गेली. मुलगी झाली. चतुराबाईनं नाळ कापली, पोरीला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, कान फुंकले. अकबरबीला म्हणाली, "पोरीला बराबर गुंडाळ, डोकं उघडं ठेवू नको." राखेनं हात घासून धुतले, मिशरीची चिमूट मागून घेतली, अन् सावली धरून घराकडं निघाली.