अप्पांचा शक आणि हौदावरची हरणं

आमच्या घरमालक अप्पांनी उभ्या जन्मात फक्त तीन गोष्टींवर भरवसा ठेवला: गळ्यातलं लिंग, दुकानातला तराजू आणि माळावरचा लांडगा. बाकी सगळ्या सृष्टीवर त्यांचा शक होता. आपल्यासारख्यांना शंका येते आणि उत्तर मिळालं की जाते. अप्पांचा शक उत्तर मिळाल्यावर वाढायचा. "इतकं चटकन सांगितलं म्हंजे आधीच तयार ठिवलं होतं की वो," असं म्हणून ते कपाळावरच्या भस्माच्या तिन्ही पट्ट्या भुवयांसकट वर चढवायचे. मग समोरच्या बापड्यालाही वाटायला लागायचं, की आपण कधीतरी काहीतरी केलंय खरं.

अहमदपूर आणि कंधार यांच्या मधल्या माळावरच्या त्या गावात मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता आणि नुकताच लातूर जिल्हा झाला होता. अप्पांचं किराणा दुकान पुढे, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. गावाबाहेर माळाला लागून त्यांचं शेत. त्यातल्या विहिरीवर अर्धा गाव घागरी भरायचा आणि अप्पा कुणाला नाही म्हणायचे नाहीत. मात्र बांधावरचा दगडी हौद हरणांचा. रोज दिवस मावळायच्या सुमाराला माळावरून काळविटांचा कळप यायचा, दहा-बारा माद्या आणि पिळदार शिंगांचा एक काळाभोर नर. अप्पा त्याला 'पाटील' म्हणायचे. माणसांनाच पाणी नाही आणि हरणांना कसले लाड, असं कुणी पुटपुटलं की अप्पा म्हणत, "तुमी मागून तरी घेता. त्यांनी कुणाला मागावं?"

या कळपातलं एखादं जनावर कुणीतरी मारून खाणार, ही एकच धास्ती त्यांना दिवसरात्र होती. आणि चोर पकडायची त्यांची तऱ्हा अशी, की भल्याभल्या फौजदारानं कानाला हात लावावा. अप्पा जन्माचे शाकाहारी, मटणाच्या रश्श्याचा वाससुद्धा न घेतलेले. पण रश्श्याला काय काय लागतं ते दुकानदार म्हणून त्यांना तोंडपाठ होतं. गावात बकरं कापलं जाई ते फक्त गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. तेव्हा गुरुवारी कुणी दगडफूल, खोबरं, खसखस नेली तर ठीक. पण सोमवारी नेली? मंगळवारी नेली? मग बकरं नाही तर भांड्यात शिजतंय काय? एका मंगळवारी एकानं दगडफूल नेलं, तर अप्पांनी भरदुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि त्याच्या घरी जाऊन चुलीसमोर बसले. भांड्यावरचं झाकण निघालं तेव्हा आत भरली वांगी! त्या माउलीनं यांनाच दोन भाकरी वाढल्या. अप्पा वांग्याचं देठसुद्धा चोखून खाऊन उठले आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "वांगंच हाय. आज तर वांगंच हाय."

मीही यातून सुटलो नाही. घरात बाळंतीण, म्हणून मी सोमवारी खोबरं आणि खसखस मागितली. अप्पांनी तराजू अधांतरी धरला. "गुरुजी, तुमीबी?" मी म्हटलं, "अहो अप्पा, डिंकाचे लाडू करायचेत. आमच्या घरात कुणी अंडंसुद्धा खात नाही!" "हाव हाव," ते म्हणाले, आणि तासाभरानं बाळाला बघायच्या निमित्तानं मूठभर खारका घेऊन आमच्या दारात हजर. बाळाकडे पाहिलंच नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन नाक वर करून उभे राहिले. माझी बायको पदरात तोंड खुपसून इतकी हसली, की माझ्या सासूबाई तिला ओरडल्या, टाके दुखतील म्हणून.

लांडग्यावर मात्र त्यांचा शक नव्हता. एकदा भल्या सकाळी लांडग्यानं एक लंगडी मादी पाडली, तेव्हा मला वाटलं अप्पा आता गाव डोक्यावर घेणार. ते शांतपणे म्हणाले, "तो भुकेला की येतो, थकलेलं बगून धरतो, पोट भरलं की जातो. हरणाला त्याचा वास येतो, त्याला हरणाचा येतो. त्यात फसवाफसवी न्हाई. माणूस जेवून-खाऊन येतो, गुरुजी, आन् कळपातलं सगळ्यात देखणं बगून मारतो."

नवा जिल्हा झाला तशा माळावर जीपगाड्या दिसू लागल्या. कुणी मोजणीला येई, कुणी दुष्काळी कामं बघायला, कुणी नुसतंच. एके दिवशी अप्पांना बांधापलीकडे बंदुकीचं रिकामं काडतूस सापडलं. ते पुडीत बांधून अप्पा माझ्यासमोर येऊन बसले. "दरखास्त लिवा." आधी जिल्ह्याला जायचं म्हणजे उस्मानाबादेला, दोन दिवसांची खोटी. आता सकाळच्या एस्टीनं लातूर गाठायचं आणि दिवेलागणीला परत. नवी कचेरी, नवे साहेब, अजून कुणाच्या ओळखीचे नाहीत, म्हणजे कुणाला सामील नाहीत, असा अप्पांचा हिशेब. आयुष्यात पहिल्यांदा ते चौथ्या कशावर तरी भरवसा ठेवायला निघाले होते.

अर्ज मी लिहिला, आणि माझी मास्तरकी हात धुऊन माझ्या मागे लागली! 'सदर हरणे दररोज सूर्यास्तापूर्वी अर्धा तास गावाच्या पूर्वेस असलेल्या दगडी हौदावर पाणी पिण्यास येतात, तेथपर्यंत जीप जाण्याजोगी गाडीवाट आहे, कळपात एक मोठा नर आहे.' वाचून दाखवलं, तर अप्पा हळूच म्हणाले, "येवढं समदं लिवायचं का वो, गुरुजी?" मी हसलो. म्हटलं, "अहो, साहेबांना जागा सापडायला नको? प्रत्येक ठिकाणी काय शक घ्यायचा!" अप्पा ओशाळले. "तुमी शिकलेले. तुमी म्हंता तर बरोबरच असंल." आणि अंगठ्याला शाई लावून त्यांनी ठसा उमटवला. लातूरला जाऊन ते शिक्क्याची पोच घेऊन आले, ती देवाच्या तसबिरीमागे ठेवली, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला काढून दाखवू लागले. हा अर्ज किती टेबलांवरून गेला, किती जणांनी वाचला, देव जाणे.

पंधराएक दिवसांनी दिवस मावळायच्या बेताला गाडीवाटेनं धूळ उठली. "आले! पाहणीला आले!" अप्पांनी धुतलेला पटका बांधला, साहेबांसाठी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेतला आणि मला हाताला धरून ओढत निघाले. आम्ही अर्ध्या वाटेत असताना दोन बार झाले. अप्पांच्या हातातला तांब्या पडला नाही. तो तसाच घट्ट धरून ते पळत राहिले. आम्ही पोचलो तेव्हा जीप माळापलीकडे उतरत होती. हौदाच्या काठावर रक्त होतं, पाण्यातही होतं, आणि पाटील नव्हता. जीप कुणाची, त्यात कोण होतं, हे कधी कळलं नाही.

मी वाट पाहत राहिलो. आज तरी अप्पा म्हणतील, गुरुजी, तुमीच वाट दाखवली. एवढ्या तेवढ्यावरून गावावर शक घेणारा माणूस, माझ्यावर घेईना! मला मान वर करून त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, "अप्पा, चूक माझी झाली." ते तराजूची पारडी पुसत म्हणाले, "दरखास्त माजी हाय. अंगठा माजा हाय. तुमच्यावर कशाला शक घेऊ?" त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुष्काळात पाणी तेवढंच, म्हणून तिसऱ्या दिवशी माद्या पुन्हा त्याच वेळी त्याच हौदावर आल्या. मग अप्पांनी जे केलं ते पाहून गावानं ठरवलं, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची जुनी पँट द्या." धोतरावरून त्यांनी ती पँट चढवली, कमरेला सुतळी बांधली, गोफण घेतली आणि स्वतःच भरलेल्या हौदाकडे बोंबलत धावले. हरणांनी माना वळवून पाहिलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. त्यांच्या लेखी ते अप्पाच होते. "भ्या की गं बायांनो! पँटवाल्याला भ्या!" अप्पा ओरडत होते. शेवटी त्यांनी दगड सोडला. अंगावर लागू नये अशा बेतानं सोडलेला दगड एका मादीच्या मांडीला बसला, ती उडाली आणि कळप उधळला. अप्पा पँटीसकट बांधावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. भरदुपारी हौद भरायचा, संध्याकाळी लपून बसायचं, माणूस दिसला की पळायचं हे त्या मुक्या जिवांना शिकवायचं. काही दिवसांनी बघतो तर पँट खुंटीवर, आणि अप्पा धोतरावरच निघालेले. मी विचारलं, तर म्हणाले, "दरखास्त धोतरवाल्यानंच दिली होती की."

माझी बदली देगलूरला झाली. बऱ्याच वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्या गावी गेलो. तीच, डिंकाच्या लाडवांची मुलगी. अप्पा वाकले होते, पण मला धरून शेताकडे घेऊन गेले. माळावर चांगली पंचवीस-तीस हरणं चरत होती, आणि त्यात एक नवा काळाभोर नर. आम्ही अजून दूरच होतो, तोवर त्यानं मान वर केली, आणि बघता बघता सगळा कळप टेकाडापलीकडे गेला. अप्पांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "बगितलं? मलाबी भेत्यात." असं म्हणताना ते हसतही होते.

परत आल्यावर दुकानात टेकलो. निघता निघता मी मुद्दामच म्हणालो, "अप्पा, पावशेर खोबरं द्या. आणि थोडी खसखस." त्यांचा हात तराजूवर थांबला. भस्माच्या तिन्ही पट्ट्या हळूहळू वर चढल्या.

"आज वार कोणता, गुरुजी?"

"सोमवार."

"आन् घरात बाळंतीण?"

"नाही."

अप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग पुढे वाकून माझ्या सदऱ्याचा वास घेतला. माझे डोळे भरून आले. "संध्याकाळची एस्टी हाय ना? मीबी येतो देगलूरला," ते म्हणाले. "लेकीला आशीर्वाद देतो, आन् भांड्यात काय हाय तेबी बगतो."