घरच्या म्यानाचा भाव

गल्लीत सगळे त्यांना धारकाका म्हणत. जपानी पद्धतीच्या सुऱ्या हाताने घडवणारा दुसरा माणूस आसपास नव्हता, आणि असता तर काकांनी त्याला नावेच ठेवली असती. सुरी काका घडवत, तिचे लाकडी म्यान काकू करत. दोन फळ्या आतून पात्याच्या मापाने कोरायच्या आणि भाताच्या खळीने चिकटवायच्या. एका सुरीचे म्यान दुसरीला बसत नाही. वर्षानुवर्षे हेच चालले होते आणि आता दोघेही थकले होते. काकांचा खांदा धरायचा, काकूंचे मनगट.

त्या दिवशी एका हॉटेलातला आचारी आला. सुरी हातात तोलून त्याने भाव विचारला.

"नऊ हजार."

"आणि म्यान नको असेल तर?"

"तरी नऊच. म्यान आम्ही असंच देतो. घरचं काम आहे ते."

मागच्या खोलीत चाललेला पॉलिशपेपरचा आवाज थांबला. आचारी परवा येतो म्हणून गेला, तशा काकू बाहेर आल्या. त्याच सुरीच्या म्यानाचे दोन अर्धे भाग त्यांनी काकांपुढे ठेवले.

"घरचं काम आहे ना? मग घरातल्या कुणीही करावं. मी दमलेय."

भांडल्या असत्या तर परवडले असते. आवाजात नुसता शीण होता. पण काकांची ऐट जाते कुठे! त्यांनी खळ शिजवली, सढळ हाताने थापली, अर्धे जोडले आणि लगेच सुरी आत सरकवून मोकळे झाले. खळ आधी वाळू द्यायची असते हे जन्मभर घरातच पाहिले होते. नुसते पाहिले होते.

सकाळी सुरी निघेना. ओढून काढली तर पात्यावर गंजाचे तांबूस डाग.

काकूंनी ते पाहिले. पातळ पटाशीने सांधा उकलला, खळ खरवडली, अर्धे वाळत ठेवले. काका दिवसभर दगडावर डाग घासत राहिले. खांदा भरून आला.

"खळच कशाला वापरतेस गं? चांगला डिंक मिळतो बाजारात."

"उघडता यावं म्हणून. कुणीतरी घोळ घालतंच."

ठरल्या दिवशी आचारी आला तेव्हा काकूंनी जोडलेले म्यान सुरीशेजारी ठेवलेले होते.

"सुरी सहा हजार," काका म्हणाले. "म्यान तीन."

"काका, परवा तर म्यान फुकट होतं!"

"परवा माझं चुकलं."

नऊच्या वर कुणी देणार नाही हे काका जाणून होते. म्हणून ते तीन त्यांनी स्वतःच्या सुरीतूनच कापले होते.

आचाऱ्याने थोडा विचार केला. "मग नुसती सुरीच द्या."

हे काही काकांनी धरले नव्हते. पुन्हा नऊ म्हणावे, तर म्यान पुन्हा फुकट. त्यांनी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सहा हजार घेतले.

आचारी गेला. काका रिकाम्या म्यानाकडे बघत राहिले.

"तुझ्या हाती तर काहीच लागलं नाही," ते म्हणाले.

काकूंनी म्यान उचलले, पदराने पुसले आणि फळीवर अगदी पुढे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे ठेवले.

"धक्का लावू नका हं," त्या म्हणाल्या. "तीन हजारांचं आहे."