नवरदेवाचं तोंड आजऱ्याकडं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आकाराम ड्रायव्हरचं एक ठाम मत होतं. जगातली निम्मी दुखणी आत हवा अडकल्यानं होतात. मग ते इंजिन असो, नाहीतर माणूस. बायको रुसून बसली तर हा शेजाऱ्यांना सांगायचा, "हवा धरल्या. निघंल आपोआप." हे तिच्या कानावर गेलं की हवा निघायचीच, आणि सगळी ह्याच्याच अंगावर निघायची.

तो चालवायचा ती बस गणपतराव नावाच्या मालकाची. लांब नाकाची, वऱ्हाडं वाहून वाहून म्हातारी झालेली. तिच्यावर आकारामचा इतका जीव, की चढ संपला की तो तिला "शाब्बास गं बाई" म्हणायचा. मागं बसलेल्या बायकांना वाटायचं आपल्यालाच म्हणाला, आणि त्यातल्या काही लाजायच्यासुद्धा.

त्याची थोरली बहीण विठाबाई आजऱ्याला दिलेली. नवरा लवकर गेला. काजू सोलून हाताची सालटी निघाली, पण तिनं एकुलत्या पोरीला, शालनला, वाढवलं. सत्तर सालच्या उन्हाळ्यात शालनचं लग्न आकारामनंच जमवलं. मुलगा कसबा बावड्याचा, पिराजी नावाचा. घरचा ऊस, स्वभावानं गरीब गाय. पण त्या घरात शब्द चालायचा तो पिराजीच्या आत्याचा, धोंडुबाईचा, आणि बापाविना वाढलेली पोर तिच्या मनात काही भरली नव्हती. मोडायला निमित्त सापडत नव्हतं म्हणून ती गप्प होती. ती गप्प आहे म्हणून आकारामला झोप नव्हती.

वऱ्हाड मुलीकडच्यांनी न्यायचं असं ठरलं होतं. तेव्हा मामाच ड्रायव्हर झाला. गोरज मुहूर्त होता. गाडी बावड्यातून हलली तशी धोंडुबाई पुढच्या बाकावरून कडाडली, "पावणं, आमच्या घरची रीत ऐकून ठेवा. नवरदेव निगाला की त्येचं तोंड माघारी वळायचं न्हाय. वळलं, की सोयरीक मोडली!"

"कशाला वळतंय आत्याबाई? रस्ता सरळ हाय," आकाराम हसून म्हणाला. हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

आजऱ्याच्या वाटेवर एका लांब उतारावर बसच्या नाकातून वाफेचा लोट उठला. रबरी पाइप तोंडाशी फाटला होता आणि पाणी सगळं रस्त्यावर सांडलं होतं. आकारामनं गाडी कडेला घेऊन चाकांना दगड लावले. पाइपाचा फाटका तुकडा कापला, उरलेला ओढून परत आवळला, आणि इंजिन निवेपर्यंत कुणाला घागर जवळ आणू दिली नाही. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ते तडकतं. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला मात्र इंजिनातलं कळत होतं. एकानं ताक ओतायची सूचनाही करून पाहिली.

इंजिन निवल्यावर शेजारच्या विहिरीचं पाणी रेडिएटरच्या गळ्यापर्यंत भरलं, झाकण लावलं, गाडी सुरू केली. तापमानाचा काटा सरळ तांबड्यात! आकारामनं रेडिएटरला हात लावला. इंजिन भाजतंय आणि रेडिएटर गार. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पाणी जायला हवं तेवढं आत गेलंच नव्हतं. गाडीचं नाक उताराकडं, खाली. मग हवा वर चढून इंजिनाच्या मागल्या अंगाला जाऊन बसणार, आणि पाण्याला वाट देणार नाही. नाक वर केलं तरच ती हवा पुढून निघणार. म्हणजे गाडी फिरवायची. चढाकडं, कोल्हापूरकडं. इंजिन बंद ठेवून गाडी उतारावरून तशीच सोडून द्यावी, तर खाली ओढ्याचं वळण होतं आणि ब्रेकचा भरवसा नव्हता.

"गाडी फिरवाय लागतीया," तो कसाबसा म्हणाला.

धोंडुबाई वाटच बघत होती. "फिरवा की! मंग बावड्यालाच न्या. रीत सांगितली हुती म्या."

आजऱ्यात अंगाला हळद लावून बसलेली शालन आकारामला दिसायला लागली, आणि दारात उभी असलेली विठाबाई. मामानं पाठीशी उभं राहायचं त्या वेळेला मामा इथं बोनेटात डोकं घालून! ऊन कलायला लागलं होतं. तो गाडीकडं बघत राहिला, मग पिराजीकडं, मग परत गाडीकडं, आणि एकदम हसला.

"आत्याबाई, रीत नवरदेवाच्या तोंडाची का गाडीच्या?"

"नवरदेवाच्या."

"मंग नवरदेवाला उतरवा खाली!"

टपावरची लोखंडी ट्रंक रस्त्याच्या कडेला ठेवून तिच्यावर पिराजीला बसवलं. डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, तोंड आजऱ्याकडं. पोरानं मान वळवू नये म्हणून आत्या स्वतः समोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि त्याच्या पाठीमागं आकारामनं पुढं-मागं, पुढं-मागं करत बस फिरवली आणि तिचं नाक चढाला लावलं.

एक बैलगाडीवाला बैल थांबवून म्हणाला, "पावणं, हितंच लगीन हाय व्हय? नवरी कुटाय?"

"तू जा की गप!" धोंडुबाई खेकसली.

आकारामनं झाकण उघडलं, इंजिनाच्या डोक्यावरचा, पुढच्या अंगाचा हवेचा बोल्ट सैल केला आणि घागरीनं हळूहळू पाणी सोडायला लागला. गाडी सावकाश चालू ठेवली. आधी फुसफुस झाली, मग बुडबुडे आले. पाणी खाली गेलं की आणखी ओतायचं, पाइप मुठीनं दाबायचा, परत ओतायचं. पिराजीला बघायची फार हौस. "मामा, निगाली का हवा?" तो आजऱ्याच्या डोंगराला विचारायचा. शेवटी इंजिनानं मोठा ढेकर दिला, आकारामच्या तोंडावर गढूळ पाणी उडालं आणि बोल्टातून सरळ, बुडबुड्याशिवाय धार लागली. त्यानं बोल्ट आवळला. काटा मधोमध येऊन थांबला. बस परत फिरली, तिच्यात नवरदेव चढला, आणि त्याचं तोंड अख्ख्या प्रवासात आजऱ्याकडंच राहिलं. खरं सांगायचं तर पदराआड धोंडुबाई हसत होती.

आजऱ्यात शिरताना गुरं घरी परतत होती. त्यांच्याच गर्दीतून हॉर्न वाजवत वऱ्हाड मांडवात पोचलं. आकारामला हात धुवायलाही सवड मिळाली नाही. तो तसाच शालनच्या पाठीशी उभा राहिला, आणि तिच्या शालूच्या खांद्यावर काळ्या तेलाची पाच बोटं उमटली. धोंडुबाईनं ती पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड परत निघालं. शालन पुढच्या बाकावर धोंडुबाईच्या शेजारी बसली. निघालेल्या नवरीनंही मागं बघायचं नाही, ही रीत तिला आधीच सांगून ठेवलेली. ती समोरच्या काचेतून नुसती कोल्हापूरच्या वाटेकडं बघत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आकारामला आरशात विठाबाई दिसत होती. रस्त्यात येऊन उभी राहिलेली, बारीक बारीक होत जाणारी. त्यालाही पुढचं नीट दिसेना.

गावाबाहेरचं मोकळं माळरान आलं, तशी धोंडुबाई खाकरली. "पावणं, गाडी तापल्यागत वाटत्या मला."

आकारामनं काट्याकडं बघितलं. काटा तळाशी, गार. "न्हाय आत्याबाई, आत्ताच तर—"

"तापल्या म्हंते न्हवं मी! हवा ऱ्हायली असंल आत. फिरवा गाडी."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचा हात शालनच्या खांद्यावर, त्याच काळ्या बोटांवर होता. आकारामनं चाक फिरवलं, माळावर वळसा घेतला, माघारी जाऊन अजून रस्त्यातच उभ्या असलेल्या विठाबाईच्या सरळ पुढ्यात गाडी नेऊन उभी केली. शालननं मान वळवली नव्हती. गाडीच वळली होती, आणि समोरच्या काचेत तिची आई उभी होती.

"किती येळ लागंल?" धोंडुबाईनं विचारलं.

"हवा सगळी निगंपातूर," आकाराम कसाबसा म्हणाला. मग खाली उतरून त्यानं बोनेट उघडलं, आणि तिथं काहीच करायचं नव्हतं तरी बराच वेळ त्यात डोकं घालून उभा राहिला.