आवाज न करता उतरणं

करकंब, आमचं गाव, सोडलं त्या सकाळी टेम्पोत गाद्या चढवून झाल्या, तरी तात्या, म्हणजे माझे वडील, फाळक्यावरचा हात काढेनात. सोलापूर काही परदेश नव्हे, पण एस.टी.नं पोचेपर्यंत ऊन चढतं ते सगळं त्यांच्या लेखी लांबच. "जमलं न्हाई तर परत या," एवढंच म्हणाले. "लाजू नगासा."

मला जमलं. कॉलेजात मराठी शिकवायचं, त्यात न जमण्यासारखं काय? अडलं माझ्या मुलीचं, रेवाचं. शाळेत एकटी पडली आणि जी एक मैत्रीण मिळाली तिच्यामागून बॅलेच्या क्लासला जाऊ लागली. मला तो थाट पाहून हसूच यायचं: गुलाबी मोजे, अंबाड्यावर जाळी, प्रत्येक हालचालीला फ्रेंच नाव, आणि वर ग्रेडची परीक्षा. तंत्र, संगीताची जाण, सादरीकरण, सगळ्याला वेगळे गुण. परीक्षक बाई पुण्यात यायच्या होत्या. त्यांना गुडघे वाकवून अभिवादन करायचं. फोनवर तात्यांनी विचारलं, "नाचात नापास झाली तर नाचू देनार न्हाईत व्हय?"

नापास होण्याची भीती मात्र खरी होती. गावच्या शाळेत रेवा लेझीम पथकात पुढं असायची. तिथं पाय ठोकायचा, धूळ उडाली पाहिजे. बॅलेत उडीवरून उतरताना आवाज झाला की गुण गेले. रेवा हवेत सुरेख जायची आणि खाली थेट करकंबात उतरायची. क्लासच्या मॅडमनी सांगून टाकलं, "ही सवय गेली तरच यंदा बसवेन."

मग ती रोज खिडकीचा गज धरून गुडघे वाकवू लागली. उडी, आधी पंजा, मग टाच. पुन्हा तेच. चिडायची, रडायची, नाक पुसून परत गज धरायची. खालच्या मजल्यावर पद्माक्का राहतात, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. त्या जिन्यातून ओरडायच्या, "रेवा, स्लॅब पाडते का गं?" एके दिवशी त्याच काळजीनं वर आल्या. "पोरगी आजारी आहे का? आवाज नाही." रेवा तेव्हा आतल्या खोलीत उड्याच मारत होती. इतकी वर्षं शिकवतोय, पण असं शिकणं माझ्या वर्गात मी पाहिलेलं नाही.

पुण्यात बंद दाराबाहेर बसून मी फक्त पियानो ऐकला. धप्प असं एकदाही नाही. ती चांगल्या गुणांनी पास झाली.

सुट्टीत करकंबला गेलो. तात्यांनी अंगणात खुर्ची टाकली. रेवा उडाली, उतरली. तात्या तिच्या पायांकडं बघत राहिले.

"आवाज कुटं गेला गं?"

"तोच घालवायला गेलते की, तात्या."

"लई कष्ट घेतलंस." मग अंगणाकडं हात करून म्हणाले, "पर हितं खाली कुनाचं डोकं न्हाई. हितं वाजव."

तिनं वाजवलं. धूळ उडाली, कोंबड्या पळाल्या. तिला दोन्ही येतं. गाव सोडलेल्या आम्हा बहुतेकांना आवाज न करता उतरायला शिकताना वाजवणं सोडून द्यावं लागलं. माझं घर आता सोलापुरातच आहे. पण आपण आल्याचं जमिनीला कळावं असं वाटलं, की करकंबचीच एस.टी. धरावी लागते.