बोटीतली मागची जागा

अन्याय माझ्यावर झाला. कधी? यंदा बेंदराचा सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हिंडलग्यात, आमच्या गच्चीवर. खाली पिठाची गिरण सुरू होती आणि माझे चार मित्र साक्षीला होते. साक्षीला कसले, तेच आरोपी.

खानापूरच्या पुढे जंगलातून उतरणाऱ्या नदीत, भर पावसाळ्यात, रबरी बोटीतून जायचं ही कल्पना माझी. फेसाळत्या पाण्याचे व्हिडिओ मी पाठवले, बोटवाला मी शोधला, घरोघरी जाऊन आयांची परवानगी मी काढली. 'मित्रांनो, किती दिवस काठावर उभे राहणार?' हा मजकूरही माझाच. बसस्टँडच्या कन्नड पाट्यांवर मराठीही हवी म्हणून कॉलेजपासून पत्रकं लिहितोय, हात बसलाय.

बोटवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, "आमचा माणूस दुसऱ्या बोटीतनं बरोबर असंल. तुमच्या बोटीत एकानंच वरडायचं, मागं बसून. बाकीच्यांनी ऐकायचं आणि वल्हं मारायचं. घरी सराव करून या."

एकानंच ओरडायचं म्हटल्यावर माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. मोर्च्यात घोषणा कोण देतं?

पण त्या चौघांत एक मैत्रीण आहे. खानापूरची, बँकेत नोकरीला. वयानं माझ्याएवढीच, तरी सगळे तिला आक्का म्हणतात. मला कुणी अण्णा म्हणत नाही. ती या बेतात सगळ्यात शेवटी आली. नदी तिनं पाहिलेली, तीही लोंढ्याच्या रेल्वेच्या खिडकीतून.

तर गच्चीवर गादी टाकली. ती बोट. वल्ह्यांऐवजी खराटे. दोघं या कडेला, दोघं त्या कडेला, मागं मी.

"डावीकडं!" मी ओरडलो.

दोघं डावीकडं वळले, दोघं उजवीकडं, आणि एका खराट्याचा दांडा माझ्या नडगीवर बसला. मी "उजवीकडं!" म्हणालो, तर सगळे एकमेकांच्या अंगावर.

"गिरणीच्या आवाजात मला नुसतं 'वीकडं' ऐकू येतंय रं," एकजण म्हणाला.

"मग कान धुऊन ये."

"आरं, दोन्हीच्या शेवटाला तेच हाय की! कुठलं वीकडं, कसं कळायचं?"

तेव्हा आक्का बोलली. "कन्नडमधी सांगू या. यडा म्हंजे डावं, बला म्हंजे उजवं. शब्द लहान हाय, लांबनं कळतोय."

"आक्का, तू यडा म्हणून वरडलीस की हा वळून बघंल, मलाच हाक मारली म्हणून!"

हा म्हणजे मी. सगळे पोट धरून हसले.

"दोन शब्दांसाठी भाषा सोडायची?" मी विचारलं.

"भाषा कोण सोडतंय? बोट वळवायची हाय न्हवं? सरक, मी वरडून बघते."

ती मागं बसली, मी तिच्या जागी. "यडा!" चारी खराटे डावीकडं गेले. त्यात माझाही होता. हात गेला, मत गेलं नव्हतं. "बला!" पुन्हा चारी.

"आक्काच बसू दे मागं," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी खराटे वर केले. चर्चा नाही, काही नाही.

"हेच शब्द मी ओरडतो की," मी म्हणालो. ओरडून दाखवलंही.

"न्हाय जमत रं. ते म्हणताना तुझा आवाजच बसतोय."

माझा आवाज! ज्यावर आख्खा चौक थांबतो, तो. कन्नड मलाही येतं, तिच्याइतकंच येतं.

वर आक्का समजूत घालते, "तू फुडं बस. लाट पयली तुझ्याच तोंडावर येतीया." जणू बक्षीस देतेय.

तेव्हापासून माझा बोटवाला तिला फोन करतो. ग्रुपवर तिचा फोटो आहे, खराटा खांद्यावर घेतलेला. फोटो लई चांगला आलाय, हे आणखी एक.

रविवारी निघायचंय. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: आत्ता उठा. घरातला मिक्सर लावा. कुणालातरी दाराबाहेर उभं करा आणि छाती फुटेस्तोवर ओरडा, 'डावीकडं', मग 'उजवीकडं'. बाहेरच्याला फरक कळला, तर रविवारच्या आत मला कळवा. मागची जागा मी परत मागतो.

कळला नाही, तर आक्काला सांगू नका.