औषधाच्या लेबलवरचं टिंब

घोडेगावच्या पेठेत संघर्षचं वजनकाटे आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. पण त्याच खुराड्यात बसून त्याने लिहिलेला एक प्रोग्रॅम आज कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पोटात जाऊन बसला आहे, याचा शेजारच्या चहावाल्याला पत्ता नाही. खरं तर संघर्षलाही पुरता पत्ता नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

पारगावकडे उसाच्या गाड्या मोजायच्या एका काट्यावर पावती इंग्रजीत निघायची. गाडीवाले ती उलटीसुलटी करून बघायचे आणि खिशात कोंबायचे. संघर्षला ते बघवेना. स्वस्तातल्या स्वस्त प्रिंटरवरही मराठी अक्षरं आणि आकडे स्वच्छ उमटावेत, असा प्रोग्रॅम त्याने खटपट करून लिहिला आणि इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही घ्या, वापरा, काही बिघडलं तर दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती सगळ्यांना द्या.

त्याचे वडील भागुजी तळेघरच्या वरच्या अंगाला भात करतात. पोराने एवढी मेहनत फुकट वाटून टाकली म्हटल्यावर ते चक्रावलेच. संघर्षने समजावलं, "आबा, सावडीसारखं हाय. लावनीला आज आमी तुमच्या खाचरात, उद्या तुमी आमच्या. तसंच."

"आनि उद्या आपल्या खाचरात कुनी आलंच न्हाई तर?" भागुजींनी विचारलं. संघर्ष हसला होता.

माणसं आली, पण घ्यायला. फुकट ते पौष्टिक, हे कंपन्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कुणी तो प्रोग्रॅम तिकिटाच्या यंत्रात घातला, कुणी दुधाच्या काट्यात, कुणी औषधाच्या बाटलीवर लेबल छापणाऱ्या मशीनमध्ये. आपल्या डब्यात घालायचं, वर आपला शिक्का मारायचा, मोकळं व्हायचं. प्रोग्रॅमसोबत जोडलेल्या वापराच्या परवान्यात मनाई नव्हतीच. दुरुस्ती मात्र कुणी पाठवली नाही. "हे चालत नाही, लवकर बघा," असे हुकूम तेवढे यायचे. संघर्ष बिचारा हातातलं काम टाकून बघायचा. एसटीत कंडक्टरने फाडून दिलेल्या तिकिटावर आपल्या वळणाचा आकडा दिसला की गडी दिवसभर खूश असे. असल्या भोळेपणाचा मला राग येतो, पण त्याच्यावर रागावताही येत नाही.

मग नागपूरच्या कुणा अनोळखी माणसाचा मेल आला. औषधाचं नाव लांबलचक असलं की लेबलवर अक्षरं बारीक होतात, आणि तेव्हा आकड्यातलं टिंब छापलंच जात नाही. अडीच मिलीच्या जागी पंचवीस मिली दिसतात.

संघर्षने प्रोग्रॅम उघडून तपासला. चूक त्याचीच होती. ती त्याने दुपारपर्यंत दुरुस्त करून इंटरनेटवर चढवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की याने काहीच झालेलं नाही. जुना प्रोग्रॅम ज्यांनी कधीकाळी उचलून नेला, त्यांच्या यंत्रात तो जुनाच राहणार. सावडीत आपण कुणाच्या खाचरात राबलो ते तरी ठाऊक असतं. इथे घेणाऱ्याने नाव सांगितलेलं नव्हतं.

हुकूम पाठवणारे जे थोडेफार ठाऊक होते त्यांना त्याने मेल केले. एकाने उत्तर दिलं, तुमच्याच परवान्यात 'कसलीही हमी नाही' असं लिहिलंय, मग तुमच्या शब्दावर आम्ही यंत्रात बदल कसा करायचा? ते वाक्य संघर्षने रिवाज म्हणून दुसरीकडून उचलून चिकटवलं होतं. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. लेबलचं मशीन विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीत श्रेया नावाची मुलगी फोन उचलायची. "सर, मी तिकीट उघडलंय," म्हणजे तक्रार नोंदवली, एवढंच ती गोड आवाजात सांगायची. तिच्या हातात तरी काय होतं? तिचे साहेब म्हणत, मशीन जुनं झालं, त्याचा करार संपला, हॉस्पिटलने नवीन घ्यावं.

मंचरच्या एका खासगी हॉस्पिटलात तसलंच मशीन होतं. तिथल्या औषधाच्या खिडकीवर सुनील होता, संघर्षच्या ओळखीचा. दोघांनी लेबल छापून पाहिलं. टिंब नव्हतं.

"तूच लिव्हलंय ना, मग कर की नीट," सुनील म्हणाला.

"डबा कुलूपबंद हाय राव. पासवर्ड कंपनीकडं. फोडला तर केस तुमच्या हॉस्पिटलवर."

आपणच बांधलेल्या घराच्या दाराबाहेर उभं राहावं, तसा तो त्या डब्यापुढे उभा होता. शेवटी त्याने वरच्या खिशातलं पेन काढलं. त्या दिवसापासून दुपारी दुकान बंद करून तो मंचरला जाई, सुनीलशेजारी बसे आणि बाटली खिडकीबाहेर जाण्याआधी लेबलवर टिंब देई; इतर वेळी सुनील देई. लोकांना वाटे, नवीन कंपाउंडर आला.

"इथं तू हायस," सुनील एकदा म्हणाला, "बाकीच्या खिडक्यांवर कोन बसनार?"

मग एका दुपारी शीला नावाची बाई खिडकीशी आली. बोरी बुद्रुकची सासुरवाशीण, मंचरला माहेरी आलेली. खांद्यावर वर्षाचं पोर झोपलेलं. तिने पिशवीतून रिकामी बाटली काढली. "भाऊ, हेच औषध द्या. नारायणगावला घेतलं व्हतं, लई लवकर सपलं."

संघर्षने बाटली हातात घेतली. लेबलवरचे आकडे त्याच्या वळणाचे होते. पंचवीस मिली, टिंब नाही.

"कितींदा पाजलं?" त्याने विचारलं.

"सकाळधरनं दोनदा. औषध गुनाचं हाय, पोर कसं गपगार निजलंय बघा."

सुनील खिडकी सोडून धावला. डॉक्टर आले, पोराच्या पापण्या उघडून बघितल्या, गालावर टिचक्या मारल्या. पोर हललं नाही. त्यांनी त्याला आईच्या हातातून घेतलं आणि आत नेलं. रुग्णवाहिका बोलवा, असं कुणीतरी ओरडलं. दार लागलं.

शीला दाराबाहेर उभी राहिली. काय झालं ते तिला अजून नीट कळलं नव्हतं. तिथे दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती संघर्षकडे वळली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "तुमीच सांगा भाऊ, माजं काय चुकलं? लिव्हलं व्हतं तेवढंच दिलं."

ते लिहिलेलं कुणाचं होतं, हे सांगायला त्याने तोंड उघडलं.